कोर्स पूर्ण, शिकणं शून्य

ऑनलाइन कोर्स तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्याच अधिकाराने सांगते: नोकरदारांवर सक्तीने लादले जाणारे जे ऑनलाइन कोर्स माझ्या नजरेखालून गेले, त्यांतले बहुतेक कुणालाही काहीही शिकवत नाहीत. ते बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं, विकत घेणाऱ्यालाही असतं. रात्री जेवणं उरकल्यावर मोबाईलवर ‘नेक्स्ट’ दाबत बसणाऱ्या शिक्षिकेला, कारकुनाला, परिचारिकेला तर पहिल्या दहा मिनिटांत कळतं. तरी वर्षअखेरीच्या अहवालात ‘शंभर टक्के कर्मचारी प्रशिक्षित’ असं छापून येतं. ही फसवणूक आहे आणि तिला सौम्य नाव द्यायची माझी तयारी नाही.

एका सहकारी बँकेचा सायबर फसवणुकीवरचा कोर्स माझ्याकडे तपासायला आला होता. पहिल्या स्लाइडवर सायबर गुन्ह्याची व्याख्या, पुढे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ची कलमं. प्रत्येक स्लाइडवर परिच्छेदभर मजकूर आणि तोच मजकूर शब्द न शब्द वाचणारा आवाज. तो आवाज संपेपर्यंत ‘नेक्स्ट’चं बटण कुलूपबंद. शेवटी क्विझ. त्यातला एक प्रश्न असा: ग्राहकाने ओटीपी कोणाला सांगावा? मित्राला, शेजाऱ्याला, फोन करणाऱ्याला, की ‘बँक कर्मचाऱ्यासह कोणालाही, कोणत्याही परिस्थितीत सांगू नये’? बरोबर पर्याय चारांत सगळ्यात लांब. कोर्स न उघडताही या प्रश्नाचे गुण मिळतात.

आता त्याच बँकेच्या काउंटरवर काय घडतं ते बघा. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ मुदत ठेव मोडायला आलेत. शर्टाच्या खिशातला फोन चालू आहे आणि पलीकडचा माणूस सगळं ऐकतोय. ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कुणाजवळ बोललात तर मुलाला उचलू,’ असं त्यांना धमकावलेलं आहे. आरटीजीएसचा फॉर्म भरून तयार, खातं परराज्यातलं, नाव अनोळखी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘काका, एवढी मोठी रक्कम कशासाठी?’ तर ते नजर चुकवून म्हणतात, ‘घराचं काम काढलंय.’ मागे रांग वाढतेय. तिने काय करायचं? नियमात बसतंय म्हणून फॉर्म पुढे सरकवायचा? साहेबांना बोलवायचं? चोर ऐकतोय हे ओळखून चिठ्ठीवर लिहून विचारायचं? डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच, हे घाबरलेल्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचं? पैसे गेलेच असतील तर 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हे तिला त्या क्षणी आठवेल का?

कोर्स इथून सुरू व्हायला हवा होता. या मुलीसमोर हे काका आणून उभे करायचे, तिला निर्णय घ्यायला लावायचा आणि त्या निर्णयाचा परिणाम तिला दाखवायचा. पर्याय असे हवेत की भल्या, कष्टाळू माणसाचाही पाय घसरावा. चुकीचा पर्याय लिहिणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड कसब आहे. खरी चूक करणाऱ्याच्या डोक्यात जे चालतं, तेच त्या पर्यायात उतरावं लागतं. ‘ग्राहकाचा पैसा, ग्राहकाची मर्जी, आपण कोण विचारणारे?’ हा विचार प्रत्येक काउंटरवर आहे. तो पर्याय म्हणून समोर ठेवा आणि तो निवडला की काकांची ठेव कुठे गेली ते दाखवा. ‘शेजाऱ्याला’ हा पर्याय लिहिणाऱ्याने शिकणाऱ्याला मूर्ख समजलेलं असतं.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे शिकल्यावर काय जमायला हवं, हा शब्द पाठ आहे. कोर्सच्या पहिल्या पानावर त्या असतातच: ‘कर्मचारी सायबर सुरक्षेचे महत्त्व समजून घेतील.’ समजून घेतलं की नाही हे कोण, कसं पाहणार? ही निष्पत्ती म्हणजे पान भरण्यासाठी टाकलेलं वाक्य आहे. ‘घाईने ठेव मोडणाऱ्या ग्राहकातली दबावाची लक्षणं ओळखेल आणि रक्कम वळती करण्याआधी त्याच्याशी बाजूला बोलेल’, हे मात्र डोळ्यांनी पाहता येतं. बेंजामिन ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या 1956 च्या वर्गीकरणापासून आम्हाला हे कळतं आहे. विगिन्स आणि मॅकटाय यांनी 1998 मध्ये क्रमही स्पष्ट लिहून ठेवला: आधी काय जमायला हवं ते ठरवा, मग ते जमलं याचा पुरावा काय ते ठरवा, शिकवण्याचं साहित्य त्यानंतर. आमच्याकडे सुरुवात होते ती कुणाच्या तरी जुन्या पीपीटीने. तिला आवाज चढवला, चार आयकॉन हलवले की कोर्स झाला.

मग कोर्स ‘पूर्ण’ झाल्याची ती हिरवी खूण येते कुठून? कोर्स आणि तो चालवणारी यंत्रणा, म्हणजे एलएमएस, यांनी आपसांत कसं बोलायचं याचं एक मानक आहे, स्कॉर्म. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने ते घडलं. त्याच्या 1.2 या आवृत्तीत ‘पूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ हे सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं होतं. 2004 च्या आवृत्तीने पूर्ण होणं आणि उत्तीर्ण होणं यांचे दोन वेगळे रकाने केले. पण ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हे मानक ठरवत नाही, कोर्स बनवणारा ठरवतो. शेवटची स्लाइड उघडली की पूर्ण, असं त्याने बांधलं की एलएमएस निमूटपणे तेच नोंदवतं. पडद्यासमोर माणूस बसला होता की चार्जिंगला लावलेला फोन, याचा त्याला गंध नाही. त्या खुणेच्या बळावर प्रमाणपत्रं निघतात, वेतनश्रेणीची अट पुरी होते, काही बिघडलं तर ‘आम्ही प्रशिक्षण दिलं होतं’ म्हणून हात वर करता येतात. हे शेवटचं मला सर्वांत जास्त चीड आणतं. कोर्स काउंटरवरच्या मुलीला सावध करण्यासाठी बनलेलाच नसतो. उद्या तिच्याकडून चूक झाली तर दोष तिच्या माथी मारता यावा, यासाठी तो बनलेला असतो.

संशोधन नाही, अशी सबब कुणी सांगू नये. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये दाखवलं की उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत सरस ठरतात. आठवड्याने मात्र मध्ये एकदा आठवून लिहायला लावलेली मुलं त्यांना मागे टाकतात. म्हणजे वाचून झाल्या झाल्या घेतलेली क्विझ फसवी आहे, आणि आठवड्याने फोनवर आलेला एक प्रश्न सोन्यासारखा. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी दाखवलं की चित्र आणि निवेदन चालू असताना तोच मजकूर पडद्यावर पुन्हा लिहिला तर शिकणं मंदावतं. (ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मजकूर हवाच, पण तो चालू-बंद करता यावा.) आम्ही मात्र हे सोडून भलतंच उराशी धरलं. ‘कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून’ या समजुतीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच लिहिलं. ‘वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, केलेलं नव्वद टक्के’ हा त्रिकोण तर प्रत्येक कार्यशाळेत भिंतीवर झळकतो. तो ज्यांच्या नावावर खपवला जातो, त्या एडगर डेल यांच्या 1946 च्या पुस्तकातल्या शंकूत हे आकडे नाहीतच. ते मागाहून कुणीतरी चिकटवले. ज्या व्यवसायाला स्वतःच्या भिंतीवरचा तक्ता तपासावासा वाटत नाही, त्याने दुसऱ्याला काय शिकवावं?

या सगळ्याचं मूळ पैशात आहे. कोर्सचा मोबदला ठरतो तो तासावर: इतक्या मिनिटांचा मजकूर, इतकी बटणं, इतकी ॲनिमेशनं. बटण दाबलं की मजकूर उलगडला, याला ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून जास्त दर मिळतो. मायकल मूर यांनी 1989 मध्ये आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले: शिकणाऱ्याची मजकुराशी, शिक्षकाशी आणि बरोबरच्या शिकणाऱ्यांशी. निविदेत पहिलाच प्रकार असतो, कारण उरलेल्या दोन प्रकारांत माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकलं का, वागणं बदललं का, संस्थेत फरक पडला का. आपण पहिल्या पायरीवर पाच तारे गोळा करतो आणि फाइल बंद करतो.

‘लाखो लोकांना शिकवायचं तर असंच होणार,’ हे उत्तर मी असंख्य बैठकांत ऐकलं आहे, आणि ते खोटं आहे. आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या एनपीटेलचे कोर्स कुणालाही फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. घरून सोडवलेल्या साप्ताहिक गृहपाठांना 25 टक्के वजन, परीक्षेला 75. प्रश्न विचारायला चर्चामंच असतो. तिथेही उणिवा आहेत, व्हिडिओ लांबलचक असतात, पण व्हिडिओ पाहणं आणि येणं या दोन गोष्टी तिथे कुणी एक मानत नाही. हजारोंच्या संख्येत हे जमतं, तर दोनशे कर्मचाऱ्यांच्या बँकेला का जमू नये?

त्या बँकेला मी लिहून दिलं होतं: व्याख्या आणि कलमं काढून टाका, खऱ्या शाखांत घडलेले सहा प्रसंग घ्या, प्रत्येक शाखेत महिन्यातून एकदा अर्धा तास त्यांवर बोला, आणि तीन महिन्यांनी एखाद्या अनोळखी माणसाला घाबरलेला ग्राहक म्हणून काउंटरवर पाठवून बघा. उत्तर आलं की यात पूर्णतेचा अहवाल कसा काढायचा ते स्पष्ट होत नाही. कोर्स होता तसाच चढवला गेला. ज्यांनी तो मंजूर केला त्यांनी एकदा स्वतः काउंटरवर बसावं, आणि ते काका समोर आल्यावर आपल्या कोर्समधली कोणती स्लाइड उपयोगी पडली, ते मला लेखी कळवावं.