दुखते नडगी, बदनाम बूट

पोलीस भरती निघाली की नगरच्या सावेडीत पहाटेच्या अंधारातच पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड पावलांनी वाजू लागतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. पन्नास गुणांच्या ग्राउंडमधले 20 या एका धावण्याचे. थोड्याच दिवसांत नडगी धरून कडेला बसलेली पोरं दिसतात आणि सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "बूट फेक, अनवाणी पळ." दुसरा म्हणतो, "दहा हजारांचे बूट घे, सगळं थांबेल." दोघेही ठाम आणि दोघेही चूक.

अनवाणीवाल्यांचा पक्ष आधी घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी 2010 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की लहानपणापासून अनवाणी पळणारे केनियातले धावपटू बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाच आपटल्यावर बसणारा पहिला दणका त्यांना जवळजवळ बसत नाही. मान्य. पण त्या निबंधात दुखापती मोजल्याच नव्हत्या. दणका कमी म्हणजे दुखापत कमी, ही उडी वाचणाऱ्यांनी मारली आणि विकणाऱ्यांनी उचलून धरली. पाच बोटांचे पातळ बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीला असल्याच दाव्यांपायी 2014 मध्ये अमेरिकेत साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड करावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, दहा आठवडे हळूहळू या बुटांची सवय करणाऱ्या 19 धावपटूंची एमआरआय तपासणी प्रसिद्ध झाली होती. त्यांतल्या दहा जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. यात नवल नाही. चवड्यावर उतरलं म्हणून भार कुठे जात नाही. गुडघ्याचा भार पोटरीवर, टाचेमागच्या कंडरेवर आणि तळपायावर येतो.

"मग वारकरी कसे जातात?" हा नगरी प्रतिप्रश्न ठरलेलाच, निवृत्तिनाथांची पालखी इथूनच जाते. अहो, वारकरी चालतात! चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दोन्ही सुटतात आणि उतरताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. सावरपाड्याच्या कविता राऊत यांचं नाव घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की त्या अनवाणी पळाल्या त्या गरिबीपायी. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक त्यांनी बूट घालूनच घेतलं.

महागड्या बुटांची भलामण तर आणखी पोकळ. अमेरिकी सैन्यात रंगरुटांच्या तळपायाची कमान पाहून बूट ठरवून दिले, तरी दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. बापाने उसनवारी करून बूट आणावेत आणि पोराने पुन्हा नडगी चोळावी, हे बघवत नाही.

मग उपयोग कशाचा? पळण्याच्या ढबीचा होतो, पण तोही बेताचा. पाऊल आखूड टाकावं, वेग तोच ठेवून पावलांची संख्या शेकडा पाच-दहाने वाढवावी. गुडघ्यावरचा ताण उतरतो. हाँगकाँगमध्ये 320 नवख्या धावपटूंपैकी ज्यांना हलकं उतरायला शिकवलं, त्यांना वर्षभरात 62 टक्के कमी दुखापती झाल्या. पोटरीचं दुखणं मात्र त्यांच्यातच जास्त निघालं. पातळ तळाचे बूट घालून रोज चाललं तर तळपायाचे स्नायू बळकट होतात. त्यांचा तेवढा उपयोग जरूर करावा.

पण आपल्याकडची नडगी जाते ती बहुतेक घाईने. वर्षभर ग्राउंडकडे न फिरकलेला पोरगा जाहिरात आली की रोज आठ-आठ किलोमीटर डांबर तुडवतो. स्नायू आणि दम महिन्या-दोन महिन्यांत साथ देऊ लागतात. हाडाला जास्त वेळ लागतो. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सहा वर्षांचा असल्यापासून शाळेसाठी सहा-सहा किलोमीटर चालत-पळत होता. त्याच्या हाडांची तयारी लष्करात जाण्याच्या कितीतरी आधी झाली होती.

तेव्हा अकॅडमीवाल्या मास्तरांना विनंती: पोराचे बूट तपासण्याआधी त्याची सरावाची वही तपासा, गेल्या महिन्यात सर्वांत लांब किती पळाला ते बघा आणि आज त्याहून थोडंच जास्त पळवा. नडगीवर बोट फिरवताना एकाच ठिकाणी कळ निघाली, तर त्या दिवसापासून त्याचं पळणं बंद करून त्याला हाडाच्या डॉक्टरकडे धाडा. हाडाला बारीक चीर गेली असेल तर ती भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि भरतीची तारीख तेवढी थांबत नाही.