उपग्रहाला दिसले नाही, म्हणून पीक नाही?



कपाशी कमरेला लागली आहे. शेतकरी बांधावर मोबाईल उंच धरून उभा आहे. पडद्यावरचे चाक गरगर फिरते आणि शेवटी उत्तर येते: ठिकाण सापडत नाही. किंवा त्याहून वाईट: आपण गटाबाहेर आहात. ज्या गटात आजा राबला, बाप राबला, त्याच गटात उभे राहून हे वाचायचे!

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तिचा कारभार पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयातून चालतो. पूर्वी पिके तलाठी लिहीत असे. चावडीत बसून तुरीच्या जागी ज्वारी लिहिली गेली तरी विचारणारा कोण? ती पद्धत आम्हाला परत नको. शेतकऱ्याने आपले पीक आपण नोंदवावे, हे आम्हाला मान्य आहे. प्रश्न एवढाच, की यंत्र मुके झाले तर भोगायचे कोणी?

यंत्राचे काम आधी समजून घेऊ. मोबाईल उपग्रहाला काही सांगत नाही, फक्त त्याचे ऐकतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून तो आपली जागा काढतो. त्याला रेंज लागत नाही. पण कोणता उपग्रह कोठे आहे, ही माहिती इंटरनेटवरून आयती मिळाली तर जागा काही सेकंदांत सापडते. रेंज नसली तर तीच माहिती आकाशातून सावकाश घ्यावी लागते. म्हणून झाडाखाली, पत्र्याखाली उभे राहू नका. लोकेशन चालू आहे का, ॲपला त्याची परवानगी आहे का, बॅटरी बचत बंद आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का, हे पाहा. मोबाईल एकदा बंद करून चालू करा आणि उघड्या रानात पाच-दहा मिनिटे एका जागी थांबा.

एवढे करूनही ‘गटाबाहेर’ आले, तर दोष तुमचा नाही. साध्या मोबाईलची चूक उघड्यावरही पाच-दहा मीटरची असू शकते. अरुंद गटात तेवढ्याने बांध ओलांडला जातो. जुना कागदी नकाशा संगणकात बसवताना गटच सरकला असेल, तर उपग्रहाने बरोबर सांगूनही उत्तर चुकीचेच येणार. मुदत संपल्यावर सहाय्यक येतो म्हणतात. त्याच्या हातातही मोबाईलच!

पुण्यात उंच इमारतींमध्ये मोबाईल जागा चुकवतो, तेव्हा प्रवासी रिक्षावाल्याला फोन करून रस्ता सांगतो. कोणाचे घर रद्द होत नाही. इथे मात्र पीकच रद्द होते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण सीसीआयला कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी आणि सातबारावर कापूस हवा. नोंद नाही, तर व्यापारी म्हणेल तो भाव. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनचे अर्थसाहाय्य २०२४ मध्ये देताना आधी ई-पीक पाहणीचीच अट होती. ओरड झाली, तेव्हा सातबारावर नोंद असलेल्यांनाही घ्यावे लागले. म्हणजे अट देवाची नव्हती, सरकारची होती, आणि सरकारला ती सोडता येते.

आमच्या मागण्या तीन. यंत्र अडले की ग्राम महसूल अधिकाऱ्याने शेतात येऊन पंचनाम्यावर नोंद घ्यावी. नकाशातील चूक खात्याने आपल्या खर्चाने सुधारावी. आणि यंत्राच्या दोषामुळे राहिलेल्या नोंदीवरून खरेदी, विमा वा मदत कोणाचीही नाकारू नये.

तोवर रिकाम्या हाताने परतू नका. पडद्यावरील संदेशाचा तारखेसह फोटो ठेवा. पिकात उभे राहून फोटो काढा. मुदतीच्या आत लेखी अर्ज द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. त्या पोचा जिल्हा बैठकीला घेऊन या. एकट्याची पोच फायलीत दबते. हजार पोचा एकदम टेबलावर पडल्या, की पुण्यालाही आपले शिवार दिसू लागेल.