जेवायला हाक मारणारं माणूस

मानेसरच्या आयएमटी औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आलियर, ढाणा, कासन, नाहरपूर अशा गावांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहणाऱ्या मराठी पोरांसाठी, आणि गावाकडे त्यांच्या काळजीत असलेल्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. मी २००८ साली वाळूजहून इथे आलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करतो. आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून, म्हणजे गेली तीस वर्षं, व्हिडिओ गेम खेळतो. त्यामुळे 'तो मोबाइल फेकून दे' असं मी कुणाला सांगणार नाही. मला खेळ मनापासून आवडतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की डाव सुरू करण्याआधी तो संपणार कसा हे ठरवा, आणि ते एकट्याने ठरवू नका.

आमच्या लहानपणीचे खेळ संपायचे. टीव्हीला जोडायचा तो डबा, त्यात खुपसायची कॅसेट, आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. मारियो हा १९८५ चा खेळ. त्यात वरच्या कोपऱ्यात आकडा उलटा पळत असायचा आणि शून्यावर आला की मारियो मेला. कॉन्ट्रामध्ये तीन लाइफ. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे असं करत बटणं दाबायची युक्ती कुणीतरी शिकवली, की तीस लाइफ मिळायच्या. पण तीसही संपायच्याच. संगणकावरच्या प्रिन्स ऑफ पर्शियात, जो जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये आणला, राजकन्येला सोडवायला बरोबर साठ मिनिटं मिळायची.

आणि खेळ संपला नाही तर दुसरं कुणीतरी तो संपवायचं. गल्लीच्या तोंडाशी पार्लर होतं, तिथला माणूस दहा मिनिटं झाली की खांद्यावर हात ठेवायचा. घरी आजोबांना बातम्या लागायच्या. पुढे डिप्लोमाला असताना सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक ऐन रंगात यायचं आणि भारनियमनाची वेळ व्हायची. सगळ्यात पक्की होती ती आईची हाक. 'ताट वाढलंय' असं ती एकदा म्हणायची, दोनदा म्हणायची, तिसऱ्यांदा येऊन बटण बंद करायची. त्या वेळी फार राग यायचा. आज वाटतं, मी तीस वर्षं खेळूनही धड राहिलो त्याचं बरंचसं श्रेय त्या तिसऱ्या वेळेला आहे.

इथे खोलीवर ती हाक नसते, आणि माझ्या मते आपल्या पोरांची खरी अडचण हीच आहे. लातूर, नांदेड, बीडकडून आयटीआय किंवा डिप्लोमा करून पोरगा येतो. एका खोलीत तिघं-चौघं, तिघांच्या शिफ्ट वेगळ्या. एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो. जेवण मेसवर किंवा डब्यात. तो किती वाजता जेवला, जेवला की नाही, हे बघणारं कुणी नसतं. अशा माणसाच्या हातात आजचा मोबाइल गेम येतो, जो संपतच नाही.

संपत नाही म्हणजे काय ते नीट समजून घ्या. एक मॅच अर्ध्या तासात संपते. पण मॅच संपली की लगेच बक्षीस दिसतं, पुढच्या पायरीला किती कमी पडलं ते दिसतं, आणि 'पुन्हा' हे बटण सगळ्यात मोठं असतं. रोज हजेरी लावली तर रोज काहीतरी मिळतं आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटते. सीझन संपला की आठवड्यात नवा येतो. गेममधल्या बक्षिसाच्या पेटीतून कधी भारी वस्तू निघते, कधी नाही. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दर टोचीला दाणा देण्याऐवजी कधी दिला, कधी दिला नाही, तर कबुतर जास्त चिवटपणे टोचत राहायचं. या पेट्या त्याच तत्त्वावर चालतात, आणि बेल्जियमने तर २०१८ मध्ये पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. तेव्हा रात्री तीनपर्यंत जागलेल्या पोराला 'तुझ्यात निर्धार नाही' असं म्हणणं अर्धंच खरं आहे. पलीकडे शेकडो हुशार माणसं पगार घेऊन त्याचा निर्धार मोडायला बसलेली असतात.

खेळाने मला दिलेलं मी विसरलेलो नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी खोलीत अडकलो. कंपनी बंद, हायवेवरून माणसं सामान डोक्यावर घेऊन पायी निघालेली. त्या दिवसांत रोज रात्री नऊला माझा धाकटा चुलतभाऊ, वाळूजचा जुना मित्र आणि पुण्यातला एक जण असे आम्ही चौघं पबजीवर जमायचो. 'मागून येतोय रे', 'थांब, मी आलो उचलायला', 'पळ, पळ, झोन आला'. दिवसभरात मराठी कानावर पडायची ती फक्त हेडफोनमधून. त्या दोन तासांनी मला सावरलं. २ सप्टेंबरला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजीही गेलं. मग लक्षात आलं, की पुण्याच्या त्या मित्राशी पाच महिने रोज बोलत होतो, पण त्याचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. चुलतभावाला त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून पहिली विनंती ही: ज्याच्याबरोबर खेळता त्याला आठवड्यातून एकदा साधा फोन करा. गेम बंद पडला, बंदी आली, कंटाळा आला, तरी माणूस हातात राहील.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातं. पुढच्या वर्षी मी दुसरा एक गेम धरला. त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. बी शिफ्टहून रात्री एकला यायचो आणि चारपर्यंत खेळायचो. मग शिफ्ट बदलली, सकाळची आली, पण खेळायची वेळ मी बदलली नाही. दोन तास झोपून एके दिवशी कामावर गेलो आणि एक लॉट पास केला. गेज बरोबर होतं, हात बरोबर होता, डोळे उघडे होते, पण मी बघत नव्हतो. लॉट ग्राहकाकडून परत आला. सगळे भाग पुन्हा तपासायला चौघा जणांना रविवारी यावं लागलं, आणि त्यातल्या एकाच्या मुलाचा वाढदिवस होता. मी कुणालाही खरं कारण सांगितलं नाही. ते आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

माझा लॉट परत आला, बोटं शाबूत राहिली. प्रेसवर काम करणाऱ्यांचं तसं नसतं. मानेसरमध्ये सेफ इन इंडिया ही संस्था जखमी कामगारांना ईएसआयचे हक्क मिळवून द्यायला मदत करते. तिच्या 'क्रश्ड' नावाच्या अहवालांत पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्या कामगारांची माहिती वर्षानुवर्षं येते आहे. ते वाचून 'पोरं रात्रभर मोबाइल बघतात म्हणून बोटं जातात' असं म्हणणाऱ्याच्या तोंडाला मी लागेन. मशीनला सेन्सर नसणं, बारा-बारा तासांची पाळी, प्रॉडक्शनचा दट्ट्या ही कारणं आहेत, आणि त्यांची जबाबदारी कामगारावर ढकलता येणार नाही. पण ज्या मशीनवर भरवसा नाही तिच्यापुढे उभं राहायचंच असेल, तर झोप पूर्ण करून उभे राहा. पाळीच्या आधीची झोप कुठल्याही गेमला देऊ नका. यात मी कसलीही सूट देणार नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. तरी लिंक येतातच, टेलिग्रामवरून येतात, ओळखीच्याकडून येतात. माझ्या शेजारच्या खोलीतल्या एका पोराने बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे अशाच एका ॲपमध्ये घालवले. आधी थोडे गेले, आणि ते परत मिळवायला म्हणून बाकीचे. तुमचे गेले असतील तर गेलेले भरून काढायला पुन्हा लावू नका. त्याच रात्री एका माणसाला सांगा. घरी सांगवत नसेल तर खोलीतल्याला सांगा. लपवलेलं नुकसान दुप्पट होतं, हे मी समोर बघितलं आहे.

आता गावाकडच्या आईवडिलांना. तुमचा मुलगा गेम खेळतो म्हणजे बिघडला असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या रोगांच्या यादीत घेतला आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण तिची कसोटी कडक आहे. खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा झाला आहे, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतोच आहे, असं साधारण वर्षभर चालू असेल तर तो विकार. रविवारी चार तास खेळणारा पोरगा त्यात बसत नाही. कामावर जाणं सुटलं, अंघोळ-जेवण सुटलं, फोन काढून घेतला की अंगावर धावून येतो, असं दिसलं तर मात्र अंगारे-धुपारे किंवा मारझोड न करता १४४१६ हा टेली मानसचा नंबर लावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि एक अगदी बारीक गोष्ट, जी खेळणाऱ्यालाच कळते. मारियो थांबवता यायचा, आजची ऑनलाइन मॅच थांबवता येत नाही. मध्येच उठलं तर बाकीचे तिघं उघडे पडतात. म्हणून 'आत्ताच्या आत्ता बंद कर' म्हटलं की पोरगा चिडतो, आणि तुम्हाला वाटतं तो उद्धट झाला. मॅच चालू असताना ओरडू नका. 'ही किती राहिली?' विचारा, तो सांगेल तेवढं थांबा, आणि ती संपल्याबरोबर तिथे हजर राहा. पुढची सुरू होण्याआधीची ती दोन मिनिटं तुमची आहेत. फोनवरून करायचं असेल तर त्याच्या शिफ्टची वेळ माहीत करून घ्या आणि रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा. 'गेम खेळत होतास ना?' असं विचारू नका. 'काय खाल्लंस?' विचारा.

माझं खेळणं आता वेगळं झालं आहे. चाळिशी आली, बोटं मंदावली, सोळा वर्षांचं पोरगं मला समोरून दोन सेकंदांत मारतं. मध्यंतरी तर नवीन गेम उतरवून घ्यायचो आणि सुरूच करायचो नाही. वाटायचं, आता खेळातला रस मेला. तसं नव्हतं, मी थकलो होतो आणि थकलेल्या माणसाला शर्यत नको असते. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांनी रँकचा नाद सोडून बघा. ज्याला गोष्ट आहे आणि गोष्टीला शेवट आहे असा खेळ घ्या. २०२२ मध्ये बायको आणि मुलगी इथे राहायला आल्या. मुलीला घेऊन लॅपटॉपवर मी 'राजी' हा खेळ पूर्ण केला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये केलेला आहे. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट, चित्रं आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांसारखी. रोज थोडं थोडं खेळायचो, आणि ती मध्येच विचारायची, 'बाबा, आता गोलू सापडेल?' पडद्यावर शेवटची नावं यायला लागली तेव्हा लॅपटॉप तिनेच मिटला.

खोलीवर राहणाऱ्यांनी काय करायचं ते आमच्या इमारतीत गेले दीड वर्ष चालू आहे तेच सांगतो. खेळायला बसण्याआधी खोलीतल्या एकाला मोठ्याने सांगायचं: 'दोन मॅच, मग झोप.' सांगितलेलं दुसऱ्याच्या कानात राहतं, तो विचारतो. चार्जर गादीजवळ लावायचा नाही, दाराजवळच्या बोर्डावरच लावायचा. गेमच्या सूचना बंद. साखळी तुटली तर तुटू द्यायची. आणि ज्याला सुट्टी असेल त्याने संध्याकाळी बाकीच्यांना जेवायला उठवायचं. हे शेवटचं सगळ्यात जास्त लागू पडलं, कारण उठवणाऱ्यालाही त्यामुळे उठावं लागतं.

परवा उठवायची पाळी माझी होती. वरच्या मजल्यावर उदगीरचा एक पोरगा राहतो, सहा महिन्यांपूर्वी आलेला. साडेआठला दार वाजवलं. 'चल रे, भाकरी केलीय आज.' तो मान वर न करता म्हणाला, 'काका, दोन मिनिटं, शेवटचं सर्कल आहे.' मी चौकटीला टेकून बघत उभा राहिलो. सात जण उरले होते. तो झाडामागे होता, उजवीकडच्या दगडामागे कुणीतरी हललं ते मला दिसलं आणि मी म्हणालो, 'दगड, दगड!' त्याला वळायला उशीर झाला. सातव्या नंबरवर गेला. त्याने फोन दाराजवळच्या बोर्डाला लावला आणि हात धुवायला गेला.