कंपनी बदलली, कॅमेरा रुसला



या सदरात आम्ही रेशन कार्डापासून लेकरांच्या शिष्यवृत्तीपर्यंत संसाराच्या गोष्टी लिहीत आलो. आज वाय-फायवर लिहावयाचे आहे. काही वडीलधारे म्हणतील, हे पैसेवाल्यांचे लाड आपल्या पानावर कशाला? त्यांना आमची विनंती आहे की एकदा आपल्याच वस्तीत फेरी मारून पाहा. पोरगा चाकणला नाहीतर भिवंडीला कामाला, सून आणि नातवंडे त्याच्यापाशी, आणि माय नांदेडला एकटी. पोरगा जयंतीला गावी येतो आणि जाताना भिंतीवर एक लहानसा कॅमेरा लावून जातो. पाळी संपली की मोबाईल उघडून मायला बघतो. जेवली का, चालते-फिरते का, एवढेच. याला लाड कसे म्हणावे?

आमच्या आत्याकडे असाच कॅमेरा आहे. ती नांदेडला सिडकोत राहते, सत्तरी उलटली आहे. तिच्याकडे पूर्वी केबलवाल्याचे इंटरनेट होते, ते सारखे बंद पडे. आतेभावाने चाकणहून फोनवरच कंपनी बदलून टाकली. नव्या कंपनीचा माणूस आला, फायबरची तार ओढली, जुना डबा काढून नवा बसवला, आत्याच्या मोबाईलवर नेट चालू करून दाखवले आणि चहालाही न थांबता निघून गेला.

कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतच होता. आत्याला वाटले, चालू आहे. तिकडे आतेभावाच्या मोबाईलवर ‘ऑफलाइन’ येई. त्याची रात्रपाळी. त्याला वाटले, नांदेडची लाईट गेली असेल. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आत्याला ताप भरला, अंथरुणावरून उठवेना. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून पडून राहिली, की लेक बघतोय, करील कुणाला तरी फोन. लेक बघत नव्हता. दुपारी शेजारीण ताक घेऊन आली तेव्हा कळले.

आत्या आता बरी आहे. आम्ही रविवारी लातूरहून सकाळच्या एस.टी.ने अहमदपूर, लोहा करीत नांदेड गाठले. गेलो होतो आजारी माणसाला भेटायला, पण अर्धा दिवस त्या कॅमेऱ्याशी झटापट करण्यात गेला. त्यातून जे उमगले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत. कारण हीच तक्रार आम्ही लातूरच्याही तीन-चार घरांतून ऐकली आहे: “इंटरनेट नवे घेतले आणि घरातल्या वस्तू बिघडल्या.”

त्या बिघडलेल्या नसतात. कॅमेरा, वाय-फायचा बल्ब, मोबाईलवरून चालणारा प्लग, ह्या वस्तूंना आपले घर ओळखू येत नाही. त्यांना दोनच गोष्टी ठाऊक असतात, वाय-फायचे नाव आणि त्याचा पासवर्ड. जुना डबा गेला की ते नाव घरातून गेले. नवा डबा वेगळ्या नावाने बोलतो. घरमालक बदलला तरी पोस्टमनने जुन्याच नावाने हाका माराव्यात, तसा कॅमेरा जुन्या नावाला शोधत बसतो. दिवा लुकलुकतो तो त्या शोधाचा. आत्याला तो चालू असल्याचा वाटला, आणि तसा वाटणे साहजिक आहे.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे नव्या डब्याला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड देणे. मग एकाही वस्तूला हात लावावा लागत नाही, सगळ्या आपोआप जोडल्या जातात. मात्र नाव हुबेहूब तेच हवे. इंग्रजी अक्षर मोठे की लहान, मध्ये जागा सोडली की नाही, यात एवढाही फरक चालत नाही. डब्याच्या आत सुरक्षेचा प्रकार निवडायचा असतो, तिथे ‘डब्ल्यूपीए-२’ ठेवावे. ही पद्धत २००४ सालची आहे. २०१८ साली ‘डब्ल्यूपीए-३’ आली, ती अधिक पक्की, पण स्वस्तातल्या पुष्कळ वस्तूंना ती समजत नाही. दोन्हींचा मिलाफ असा पर्याय असेल तर तो घ्यावा. हे सारे कंपनीचा माणूस घरात असतानाच त्याच्याकडून करून घ्या. त्याला पाच मिनिटे लागतात. तो गेल्यावर आपल्याला अर्धा दिवस लागतो.

आमची अडचण ही की जुने नाव कुणालाच आठवेना, आणि जुना डबा तो माणूस घेऊन गेलेला. शेवटी आत्याच्याच मोबाईलने वाचवले. वाय-फायच्या सेटिंगमध्ये पूर्वी जोडलेल्या नेटवर्कची यादी असते. त्यातल्या जुन्या नावावर जाऊन ‘शेअर’ दाबले की पुष्कळ अँड्रॉइड मोबाईलवर चौकोनी कोड येतो आणि त्याखाली पासवर्ड लिहिलेला दिसतो. तसा तो दिसला. जयभीम, आणि पुढे एक-दोन-तीन.

आम्ही आणि आत्या दोघेही हसलो, पण मग गंभीर झालो. आपल्या वस्तीत निम्म्या घरांचा पासवर्ड हाच असावा असा आमचा अंदाज आहे. उरलेल्या घरांत १४ एप्रिल नाहीतर १८९१. बाबासाहेबांच्या जन्माची तारीख काळजात जरूर ठेवावी, पासवर्डात ठेवू नये, कारण ती साऱ्या दुनियेला पाठ आहे. वाय-फायचा पासवर्ड कळला की शेजारचा टारगट पोरगा आपल्या नेटवर सिनेमे बघेल, एवढ्यावर भागले तर नशीब. कॅमेऱ्याच्या खात्याचा आणि विहारात वगैरे असतो त्या डीव्हीआरचा पासवर्ड कच्चा असेल तर घराच्या आतले चित्र परक्याच्या हाती जाते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्यासाठी काही फार मोठी हुशारी लागली नव्हती. कारखान्यातून येतात तसेच राहिलेले साठेक पासवर्ड तो एकामागून एक लावून बघत होता. ते परदेशातले म्हणून सोडून द्यावे, तर २०२५ च्या फेब्रुवारीत गुजरातमध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांतून तपासणीला आलेल्या बायांची चित्रे चोरून विकली गेल्याचे उघड झाले. आपल्या भगिनींनी हे वाचून दोन क्षण थांबावे.

म्हणून आम्ही सोपा रस्ता सोडला. नवा पासवर्ड ठरवला आणि एकेक वस्तू नव्याने जोडायला घेतली. तो पासवर्ड कोणता हे आम्ही अर्थातच लिहीत नाही. चार असंबद्ध शब्द आणि दोन आकडे आहेत एवढेच सांगतो.

कॅमेऱ्याच्या मागे किंवा खाली टाचणीच्या टोकाएवढे भोक असते. त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरले की तो पूर्वीचे सारे विसरतो. बल्बला बटण नसते, तो भिंतीवरच्या स्विचने तीन ते पाच वेळा बंद-चालू केला की भराभर लुकलुकू लागतो, म्हणजे तयार झाला. त्यानंतर मोबाईलवरच्या त्या वस्तूच्या ॲपमध्ये नवे नाव आणि पासवर्ड द्यायचा. टीव्हीचे काम सोपे, रिमोट हातात आहे, सेटिंगमध्ये नेटवर्क निवडले की झाले. बल्बही पाच मिनिटांत जोडला गेला असता, पण जुळता जुळेना. कॅमेराही तीनदा नापास झाला. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरी नाही.

इथे आमचे दोन तास गेले, म्हणून नीट सांगतो. आताचे डबे दोन पट्ट्यांवर वाय-फाय सोडतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ ची. (ही ५ म्हणजे मोबाईलचे ५जी नव्हे, पुष्कळांची तिथे गफलत होते.) ५ ची पट्टी वेगवान, पण भिंतीपलीकडे तिचा जोर कमी पडतो. २.४ ची संथ, पण दोन खोल्या ओलांडून जाते. घरगुती स्वस्त कॅमेरे, बल्ब आणि प्लग बहुतेक २.४ च समजतात. नवा डबा मात्र दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन बसलेला असतो. आपला मोबाईल ५ वर बसलेला, बिचारा कॅमेरा २.४ वाला, आणि जोडताना दोघांची चुकामूक होते. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावे द्यावीत, किंवा जोडणी होईपर्यंत ५ ची पट्टी बंद ठेवावी. सेटिंगमध्ये जाण्याचा पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतो. आम्ही दोन नावे दिली आणि कॅमेरा पहिल्याच फेरीत बोलू लागला.

लातूर जिल्ह्यातल्या एका विहारात याहून वेगळाच पेच झाला. तिथे चार कॅमेरे आणि डीव्हीआर, सगळे तारेवर. वाय-फायच्या नावाशी त्यांचा संबंध नाही. पण डीव्हीआरला जुन्या डब्याच्या हिशोबाने ठरलेला पत्ता दिलेला होता आणि नव्या डब्याची आळीच वेगळी. डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी’ चालू केले की तो नवा पत्ता आपोआप मागून घेतो, तेवढ्याने ते सुटले. मुख्य पेच पुढेच होता. मोबाईलवर चित्र दिसण्याचे खाते माजी सचिवांच्या नंबरवर काढलेले, आणि माजी सचिव व चालू समिती यांचे बोलणे बंद. जोवर ते आपल्या खात्यातून डीव्हीआर मोकळा करीत नाहीत तोवर दुसऱ्याच्या खात्यात तो जाईना. वर्षावास तोंडावर आलेला. अखेर समितीतली एक वयस्कर उपासिका त्यांच्या घरी गेली आणि चहा पिऊन दहा मिनिटांत काम करून आली. खाते आता विहाराच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर आहे, आणि तो नंबर व्यक्ती बदलली तरी बदलत नाही. घरातही तसेच. पुण्याच्या पोराच्या, नाहीतर पूर्वीच्या एखाद्या भाडेकरूच्या नंबरवर कॅमेऱ्याचे खाते असेल तर कंपनी बदलण्याआधी ते घरात राहणाऱ्या माणसाच्या नंबरवर आणून घ्या आणि बाकीच्यांना बघण्यापुरते ‘शेअर’ करा.

जुना डबा परत देताना पोचपावती मागा. अनामत भरली असेल तर ती परत मिळेपर्यंत पावती जपा. देण्याआधी डब्याचेही ते टाचणीचे भोक दाबून टाका, आपले नाव-पासवर्ड त्यात राहू नयेत. अनामत अडकली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता आत्याचे राहिले. कॅमेरा चालू झाला तेव्हा आम्हाला वाटले, तिला आनंद होईल. ती गप्प होती. मग म्हणाली, “चार दिस ते बंद होतं ना, ते मला ठावं नव्हतं. आता वाटतंय, ठावं असतं तर पाय लांब करून, पदर बाजूला टाकून बसले असते.” आम्ही विचारले, मग काढून टाकायचा का? “काढू नको. लेकराला झोप लागत नाही तिकडं. पर तो पलंगाकडं कामून बघतोय? दाराकडं बघू दे की.”

कॅमेरा लावणाऱ्या आतेभावाने हे तिला कधी विचारले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. त्याला फोन लावला, आत्याच त्याच्याशी बोलली. बराच वेळ बोलली. मग आम्ही कॅमेरा काढून समोरच्या भिंतीवर लावला, बाबासाहेबांच्या तसबिरीपासून हातभर अंतरावर. आता त्याला दार, चुलीकडे जायची वाट आणि मोरीचा उंबरा दिसतो, पलंग दिसत नाही. त्याचा प्लग आत्याच्या हाताला येईल असा खाली घेतला. फोन रात्री उशाशी ठेवायचा, हेही ठरले.

नवे नाव, नवा पासवर्ड, ॲपचे नाव, खाते कोणत्या नंबरवर, कंपनीचा तक्रार नंबर, हे आम्ही तिच्या एका वहीत लिहून दिले. आत्याला वाचता येते, लिहायला हात कापतो. तिने पान दोनदा वाचून पाहिले, आमचा एक आकडा चुकलेला दाखवला, आणि वही पेटीत ठेवून कुलूप लावले. संध्याकाळची परतीची गाडी पकडायला आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत फोनवर विचारीत होती, “दिसतंय का रे? अन् आता?”