मोटेचा नाडा आणि तारेवरचा पाळणा



मागच्या पंधरवड्यात एका गावी हरभऱ्याच्या घाटेअळीवरची बैठक आटोपली, तेव्हा नुकत्याच रायगड पाहून आलेल्या एका आजींनी विचारले, "साहेब, तो तारेवरचा पाळणा तुटत कसा नाही? आणि गड चढण्यापलीकडे त्याचा उपयोग तरी काय?"

उपयोगाचे आधी सांगतो. रायगडचा रोपवे १९९६ साली सुरू झाला, तो गड पाहणाऱ्यांसाठी. पण दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशात तो रोजची एस.टी. झाला आहे. तिथे ला पाझ शहर खोलगट दरीत आहे. वर सुमारे ४०० मीटर उंचीच्या पठारावर एल आल्तो शहर आहे. खेडी सोडून आलेली कितीतरी कुटुंबे तिथे राहतात आणि कामाला खाली उतरतात. घाटरस्त्याच्या कोंडीत त्यांचा वेळ जाई. २०१४ मध्ये पहिला रोपवे झाला आणि तेच अंतर सुमारे दहा मिनिटांवर आले. एका डब्यात दहा माणसे बसतात, आणि एक डबा गेला की लगेच दुसरा येतो.

आता तुटण्याचे. पोलादी तारांना पीळ देऊन वळलेला दोर विजेच्या मोटरीने मोठ्या चाकांवर अखंड फिरतो. ला पाझला प्रत्येक डब्याची पकड या दोराला घट्ट धरते. स्थानकात पकड सुटते, डबा संथ होतो, माणसे चढतात-उतरतात आणि पकड पुन्हा बसते. म्हणजे सारा भरवसा दोर, पकड आणि चाके यांच्यावर. त्यांची देखभाल हाच रोपवेचा प्राण.

हलगर्जीला इथे जागा नाही. झारखंडमध्ये देवघरजवळ त्रिकूट पर्वतावर १० एप्रिल २०२२ रोजी रोपवेला अपघात झाला. माणसे रात्रभर अधांतरी अडकली, हेलिकॉप्टरने सोडवावी लागली. तिघांचे प्राण गेले.

आपले वाडवडील मोटेला बैल जुंपण्याआधी नाडा हाताने चाचपून बघत. कुठे पीळ उसवला असेल तर त्या दिवशी मोट बंद. पिकाचे पाणी एक दिवस चुकले तरी चालेल, पण बैल आणि माणूस सलामत हवा, हा त्यांचा हिशेब.

म्हणून आजींना एवढेच सांगितले: डब्यात झोके घेऊ नका, दाराला हात लावू नका, मध्येच थांबला तर जागेवर बसून राहा. आणि "देखभालीसाठी बंद" अशी पाटी दिसली तर कर्मचाऱ्यांशी भांडू नका. तो दिवस नाडा चाचपण्याचा आहे.