जांभळाचे गुणगान पुरे, आता मोजमाप हवे

ज्येष्ठाच्या सुमारास बदलापूर परिसरात वनवासी भगिनी पानांवर जांभळांचे वाटे मांडून बसतात. करवंदे आणि तोरणे त्याआधीच येऊन गेलेली असतात. कचेरीतून परतणारा गृहस्थ ‘मधुमेहावर उत्तम, रक्तही वाढते’ असे म्हणत वाटा उचलतो. या विधानाला आधार कोणता, असे कोणी विचारले, तर काही परंपराभिमानी मंडळींना तो परंपरेचाच अवमान वाटतो.

वस्तुतः परंपरेला मोजमापाचे भय कधीच नव्हते. चरकाचार्यांनी फळांचा स्वतंत्र वर्ग करून जांभळाचे कफपित्तनाशक गुण सांगितले, त्याचबरोबर ते पचायला जड व वातकारक आहे हा दोषही नोंदवला. सुश्रुताने तर औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी, यासाठी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय लिहिला आणि स्मशानालगतची वा विषदूषित भूमी वर्ज्य ठरवली. आजच्या भक्तांनी गुण तेवढे पाठ केले. दोष आणि भूमिपरीक्षा मात्र सोयीस्करपणे विसरली.

ही भूमिपरीक्षा सोनिवलीच्या परिसरात अत्यावश्यक आहे. एका बाजूला उल्हास नदी, तर पलीकडे बदलापूर आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती. इ. स. 1060 च्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून जाणारी वालधुनी आज सांडपाण्याचा नाला झाली आहे. या दोन नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2015 मध्ये लवादाने कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाने तिजोरी भरेल, पण मातीत उतरलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम त्यामुळे निघून जात नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 मध्ये बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या मातीत साचलेले शिसे दशकानुदशके टिकते. त्याला ना रंग, ना वास. फळ धुतल्याने सालीवरची धूळ जाते. मुळांवाटे गरात आलेले मात्र जात नाही.

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त अन्नसंहितेनुसार फळांत शिशाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. सोनिवलीचे जांभूळ या मर्यादेच्या आत आहे की बाहेर? उत्तर अंदाजाने देता येणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. काम मोलाचे आहे. परंतु देशाचे सहा विभाग करून घेतलेल्या नमुन्यांवरून एका गावच्या मातीचा निवाडा कसा होणार?

रक्तवाढीच्या समजुतीचेही तसेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. जांभळाला तुरटपणा देणारे टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते, हे शास्त्राला ठाऊक आहे. म्हणजे फळात लोह किती एवढे मोजूनही भागत नाही. अंगी किती लागते तेही पाहावे लागते. एवढे समजून न घेता गर्भवतीच्या हाती जांभूळ देणे आणि औषध दिल्याचे समाधान मानणे, याला स्वदेशी म्हणत नाहीत.

तपासणीत काही वाईट निघाले, तर गरीब विक्रेत्या भगिनींच्या पोटावर पाय येईल, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप सहृदय आहे, पण उलटा आहे. रानफळे सर्वाधिक खातात ती याच भगिनींची मुले, आणि शिसे सर्वाधिक घात करते ते वाढत्या वयाच्या मेंदूचा. दोषी ठरेल तो विष सोडणारा. वाटा मांडणारी नव्हे. नुकसानभरपाई मागायची तरी हाती आकडा हवा.

परकीयांनी मोजमापाची आणि कागदाची किंमत केव्हाच ओळखली. 1999 मध्ये न्यू जर्सीतील एका कंपनीने जांभूळ, कारले, गुडमार आणि वांगे यांच्या मिश्रणावर मधुमेहासाठी अमेरिकन पेटंट मिळवले. घरोघरीची आजी जे सांगत होती, ते तिथे मालमत्ता झाले! बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे, ही आनंदाची गोष्ट. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, गराचे नाही.

काम अवघडही नाही. नदीकाठची, रस्त्याकडेची आणि डोंगरउतारावरची झाडे वेगळी नोंदवावीत; गर, साल, बी वेगळी करावी; धुतलेले आणि न धुतलेले नमुने स्वतंत्र ठेवावेत, झाडाखालची माती सोबत घ्यावी. नमुना भट्टीत फार तापवला तर शिसे व कॅडमियम उडून जाते, म्हणून तो आम्लात विरघळवून अणुशोषण यंत्रावर तपासावा. उल्हासनगर-कल्याणच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत, गावोगाव कार्यकर्ते आहेत. येत्या हंगामाची फळे पिकण्याआधी झाडांवर क्रमांक पडले पाहिजेत, आणि आकडे पहिल्यांदा त्या झाडांखाली राहणाऱ्या पाड्यांवर वाचून दाखवले पाहिजेत.