डोक्यावरचा पदर आणि सरकारचे फर्मान

स्त्रीने डोके झाकावे की नाही, हे सरकारने ठरवावे का? हा वाद निघाला की मला इराण आठवतो. तिथे एकाच शतकात दोन्ही फर्माने निघाली.

१९३६ साली रझाशहा पहलवीने चादर आणि डोक्यावरचा रुमाल यांवर बंदी घातली. हेतू सुधारणेचा सांगितला गेला. पण भर रस्त्यात पोलीस चादरी ओढू लागले, तेव्हा अनेक बायकांनी उंबरठा ओलांडणेच सोडले. ज्यांना बाहेर आणायचे, त्याच आत कोंडल्या गेल्या! १९४१ साली शहा पायउतार झाला आणि बंदी ढिली पडली.

१९७९ च्या क्रांतीनंतर वारे उलटे फिरले. १९८३ साली हिजाब न घेणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांपर्यंतची शिक्षा कायद्यात आली. २०२२ साली हिजाबच्याच कारणावरून पकडलेली महसा अमिनी ही तरुणी कोठडीत असताना दगावली आणि देश पेटून उठला.

कुणी विचारील, घरच्यांच्या धाकाने डोके झाकणाऱ्या मुलीचे काय? प्रश्न रास्त आहे. पण बंदीने धाक घालणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. शाळा सुटते ती मुलीची. तिला शिक्षण मिळू द्या, चार पैसे कमावू द्या, जुलूम झाला तर दाद मागायला जागा द्या. मग डोक्यावर काय घ्यायचे, ते तिचे ती ठरवील. दोन्ही फर्मानांनी हिरावला तो नेमका हाच अधिकार.